मार्टिन साहेबांचे अकरा मुद्दे

नाशिक, ११ फेब्रुवारी २००८

प्रिय केरू,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटसुलट करशील, पाठवणाऱ्याचं नाव दोनदा वाचशील आणि मग फाडायचं की नाही ते ठरवशील. फाड, पण उघडण्यासाठी फाड एवढीच विनंती.

मी बरा आहे. निमाणी स्टँडच्या मागे माझं फ्लेक्सचं दुकान आहे. मुंबईचा ॲनिमेशनचा स्टुडिओ मी दहा महिन्यांतच सोडला, हे तुला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. गावात मी हवा मानवली नाही असं सांगतो, पण खरं तर तिथलं काम मला जमेना. आता वाढदिवस, दशक्रिया, नगरसेवक आणि भावी नगरसेवक यांचे फोटो एका रांगेत बसवतो आणि सगळ्यांना न विचारता गोरं करतो. लग्न झालं. तृप्ती तिचं नाव, सिन्नरची आहे. ती दुकानात बसली की गिऱ्हाईक गोड बोलतं आणि मी बसलो की भांडतं.

तू आश्रमशाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतोस असं समजलं. दोन मशीन आणि साठ पोरं, हेही समजलं. खरंच बरं वाटलं. पण आणखी एक गोष्ट समजली आणि हे पत्र तिच्यासाठी आहे. तुझ्या वर्गाच्या भिंतीवर तू एक कागद लावला आहेस म्हणे. आपण कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या क्लासला होतो तेव्हा वेबसाइटवरच्या त्या नॉर्वेच्या मार्टिननं तुझ्या बुडालेल्या जहाजाच्या चित्रात ज्या अकरा चुका काढल्या होत्या, त्या तू मोठ्या अक्षरात लिहिल्या आहेस आणि वर नाव दिलं आहेस, ‘चित्र काढण्याचे नियम’.

केरू, तो कागद काढून टाक.

का, ते नीट सांगता येत नाही. पण बघ, ती वेबसाइट म्हणजे तरी काय होती? जगभरचे लोक कॉम्प्युटरवर केलेली चित्रं तिथं टाकायचे आणि बाकीचे त्यावर मत द्यायचे. त्यात जाणकार किती आणि रिकामटेकडे किती, आपल्याला काय ठाऊक? वीस वर्षं समुद्राच्या तळाशी बुड्या मारतो, बुडालेली जहाजं डोळ्यांनी बघितली आहेत, हे तो मार्टिन स्वतःच सांगत होता. आपण कुठं नॉर्वेला जाऊन खात्री करून आलो? पाणी निळंच हवं, हा कसला नियम? तुझी पोरं धरणाच्या काठावरची. पाण्याचा रंग त्यांना नॉर्वेहून मागवायची काय गरज आहे?

एवढंच सांगायचं होतं. तुझ्या आईला, कुसामावशींना, नमस्कार सांग. त्यांच्या हातची नागलीची भाकरी अजून आठवते.

तुझा जुना खोलीतला जोडीदार,
किशोर


नाशिक, ३ मार्च २००८

प्रिय केरू,

तुझं पत्र मिळालं. अर्ध्या पानाचं होतं, पण झोंबायला तेवढं पुरलं.

तू लिहिलं आहेस, “किशोर, तुझा जुना राग अजून गेला नाय. तवाही मार्टिन साहेबांचं नाव काढलं की तुझं तोंड कडू व्हायचं. क्लासातल्या एकानं माझ्या चित्रासमोर पाच मिनटं काढली नाय. तो माणूस नात्याचा ना गोत्याचा, तरी अकरा मुद्दे लिहून दिले त्यानं. मुंबईला मी नापास झालो तो माझ्या हातानं. त्यात साहेबांचा दोष नाय. कागद मी काढणार नाय.” आणि सहीच्या खाली, “तुला कागदाचं कुणी सांगितलं? वर्गात मी नि पोरं सोडून कुणी येत नाय.”

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते ह्या शेवटच्या ओळीपाशी कळलं. तृप्तीनं विचारलं कुणाचं पत्र, तर मी म्हटलं लाइटबिल आहे. हातानं पत्ता लिहिलेलं, पेठचा शिक्का असलेलं लाइटबिल. तिनं ते पाकीट उचलून नीट देवळीत ठेवलं.

क्लासातल्या एकानं पाच मिनिटं काढली नाहीत, हे मात्र खरं नाही. कारभारी सरांनी काढली होती. तू त्या दिवशी गावी गेला होतास. तुझं पहिलं जहाज, ते मातकट पाण्यातलं, क्लासच्या मशीनवर उघडं होतं. सर आले ते आम्हाला ओरडायलाच आले होते आणि ओरडायचं विसरले. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “कुणाचं रे हे?” मी म्हटलं, केरूचं. “ह्याला समुद्र कुणी दाखवला?” मी म्हटलं, सर, त्यानं समुद्र बघितलेलाच नाही. मग ते पुढं वाकून चित्राचा एकेक कोपरा बघत राहिले. उठताना म्हणाले, “मुंबईला स्टुडिओत जागा एकच आहे आणि तुम्ही प्रत्येकानं एकच चित्र न्यायचंय. त्याला सांग, हेच ने. आणि आता ह्याला हात लावू नकोस म्हणावं.”

हा निरोप मी तुला दिला नाही. विसरलो, असं लिहिणार होतो आणि तसं लिहून खोडलंही. विसरलो नव्हतो.

पुढचं लिहायला मला थोडे दिवस दे. कागदाचं कुणी सांगितलं तेही त्यातच येईल.

किशोर


नाशिक, १९ मार्च २००८

केरू,

मार्टिन मी होतो.

हे तीन शब्द लिहायला सोळा दिवस लागले. आता लिहिलेत तर सगळंच लिहितो, नाहीतर उद्या पुन्हा भावी नगरसेवकांना गोरं करत बसेन आणि हे राहून जाईल.

मार्टिन तुझ्यासाठी जन्माला आला नव्हता. तो माझ्या द्राक्षांसाठी जन्माला आला. आठवतंय ना माझं द्राक्षांच्या घडाचं चित्र? दिंडोरीच्या आमच्या बागेतला घड, वर दवाचे थेंब. ते त्या वेबसाइटवर टाकलं आणि आठ दिवस एक माणूस फिरकला नाही. घरी बापानं फवारणीचा नवा पंप लांबणीवर टाकून मला कॉम्प्युटर घेऊन दिलेला, आणि इथं कुणी बरं म्हणेना, वाईटही म्हणेना. नवव्या दिवशी पेठ नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसलो, नॉर्वेचा एक माणूस तयार केला, कुठल्या तरी दाढीवाल्याचा फोटो त्याला चिकटवला आणि त्याच्याकडून स्वतःचं कौतुक करून घेतलं. पाणबुड्या का केला, तर त्या फोटोतल्या माणसामागे समुद्र होता. तू ते वाचलंस आणि मला मिठी मारलीस. “परदेशचा माणूस म्हणतो, द्राक्ष तोंडात टाकावंसं वाटतं!” असं तू चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत सुटला होतास. आपल्या आनंदानं इतका आनंदलेला माणूस मला त्यानंतर भेटलेला नाही. त्या दिवशीच मला लाज वाटायला हवी होती.

मग तुझं जहाज आलं. मशीन माझं, खोलीचं भाडं बहुतेक माझं, सॉफ्टवेअरची सीडी माझ्या ओळखीनं मिळालेली, आणि चित्र मात्र तुझं. एकोणीस तास रेंडर चाललं होतं, मशीन एकेक ओळ करून चित्र उमटवत होतं. व्होल्टेज पडू नये म्हणून आपण एप्रिलमध्ये पंखा बंद करून बसलो होतो, आणि तू पंच्यानं मला वारा घालत होतास, कारण मशीन माझं होतं. जहाज पडद्यावर पुरतं उमटलं तेव्हा मी काय म्हणालो आठवतं? “बरंय.” एवढंच. मग मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि बराच वेळ आत आलो नाही.

त्यात मासा नव्हता, प्रवाळ नव्हतं, वरून येणारे सोनेरी किरण नव्हते. गाळ होता. गाळानं जहाजाची प्रत्येक कड मऊ केली होती. पाणी चहासारखं गढूळ, आणि जवळचं दिसतं तेवढंच दिसत होतं. डेकवरच्या खोलीला नुसती चौकट, दार नाही, आणि चौकटीच्या खाली उंबऱ्यावर एक लाल ठिपका. ते बघून कुणालाही वाटावं, की हा माणूस पाण्याखाली जाऊन आला आहे. मी ते कारभारी सरांच्या तोंडावर वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन मार्टिन झालो.

अकरा मुद्दे काढायला मला दीड तास लागला. पाणी निळं हवं. मासे हवेत. तळ स्वच्छ हवा. गाळ इतका नसतो, मी बघितलेलं आहे. मी, ज्याला गोदावरीत गुडघ्याच्या वर जायची भीती वाटते. सातवा मुद्दा, दारांचा. नववा, लाल ठिपक्याचा.

इथपर्यंतचं एखादा मत्सरी माणूस करेल. पुढचं मी जे केलं त्याला काय म्हणायचं ते तूच ठरव. तुझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. तू ते पान छापून आणलंस, पाटावर वही घेऊन माझ्यासमोर बसलास आणि म्हणालास, “वाच नि मराठीत सांग, मी उतरून घेतो.” आणि मी माझंच खोटं एकेक वाक्य करून तुला मराठीत सांगितलं. मध्येच अडखळायचं नाटकही केलं. “ह्या शब्दाचा अर्थ काय असावा बरं,” असं म्हणून डिक्शनरी उघडली. तू घाईनं म्हणालास, “नीट बघ, साहेबांचं एक अक्षर वाया जायला नको.”

मग तू उत्तर सांगायला लागलास आणि मी लिहून घ्यायला लागलो. ते उत्तर मला पाठ आहे.

“साहेबाला लिही, दारं मुद्दाम नाय ठेवली. आमचे गावात धरणाचं पाणी येणार होतं, तवा लोकांनी आधी दारं काढली. घर उचलून नेता येत नाय, दार नेता येतं. माझे बापानं दार डोक्यावर घेतलं नि नऊ किलोमीटर चालला. मी मागून कडी धरून चाललो, वाजू नये म्हणून. तर साहेब, ह्या जहाजातली माणसं मेली नाय. त्यांना आधी कळलं होतं. ती दारं काढून घेऊन गेली.”

केरू, दोन वर्षं आपण एका खोलीत राहिलो. एका ताटात जेवलो म्हणायला हरकत नाही, कारण ताट एकच होतं. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मार्टिनला सांगितलंस. माझ्याच तोंडासमोर बसून, माझ्याच हातानं लिहवून, तू ते दुसऱ्याला सांगितलंस, आणि त्या दाढीवाल्याचा मला इतका हेवा वाटला की मी स्वतःचाच हेवा करतोय हेसुद्धा लक्षात आलं नाही.

दोन दिवस थांबलो, नॉर्वेहून उत्तर यायला वेळ लागतो असं वाटावं म्हणून. मग लिहिलं, हे जहाज आहे, झोपडी नाही, दारं लाव. तुला मराठीत वाचून दाखवलं. तू वहीत लिहिलंस, पेन ठेवलंस आणि म्हणालास, “बरोबर हाय त्यांचं. मी आपलं घरच काढत बसलो.”

लाल ठिपक्याबद्दल तर तू काही लिहायलाच सांगितलं नाहीस. मार्टिननं त्याला चूक म्हटलं, तू माउस घेतलास आणि पुसून टाकलास. मार्टिनला तो काय आहे हे कळणं शक्य नव्हतं. मला होतं. त्याच्या आदल्या मे महिन्यात तूच मला गावी नेलं होतंस. पाणी खाली गेलं होतं आणि जुन्या गावाची जोती उघडी पडली होती. सगळ्या बाया खाली उतरून आपापलं घर शोधत होत्या. कुसामावशींनी पदरानं उंबऱ्यावरचा गाळ पुसला, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाल्या, “ये पोऱ्या, आमचे घरात ये.” भिंत नाही, छप्पर नाही, आणि मी चपला काढून आत गेलो होतो. ते कुंकू मी चूक म्हणून पुसायला लावलं.

अजून आहे. हार्ड डिस्क भरलेली असायची, म्हणून जुन्या फाइलवरच नवी चढवायची आपली रीत होती. मार्टिनच्या दुरुस्त्या करताना तू विचारलंस, “पहिलं जहाज वेगळं ठेवू का?” मी म्हटलं, जागा कुठाय? जागा होती. माझे सहा सिनेमे पुसले असते तर झाली असती.

मुंबईला काय झालं ते तुला माहीत आहे, पण तू दाराबाहेर होतास, माझी पाळी आली म्हणून मी आत होतो. स्टुडिओच्या त्या बाईंनी तुझं निळं जहाज बघितलं, मासे बघितले, खजिन्याची पेटी बघितली, आणि शेजारच्या माणसाला म्हणाल्या, आज सकाळपासून हे पाचवं. मग माझी द्राक्षं बघितली आणि म्हणाल्या, हा निदान आपल्या घरचं काहीतरी घेऊन आलाय. मी तोंड उघडलं नाही. सीडीवर तुझं पहिलं जहाज माझ्या खिशात होतं. क्लासच्या मशीनवर होतं ते नुसतं तयार चित्र उतरवून घेतलेलं. का घेतलं होतं आणि का काढलं नाही, ह्या दोन्हीचं उत्तर मला देता येत नाही.

परत येताना तू कसाऱ्याला पेढे घेतलेस. मला निवडलं म्हणून. आणि पेढा हातात देताना म्हणालास, “मार्टिन साहेबांनी एवढा वेळ घातला, मला जमलं नाय. त्यांना कसं कळवू?” मी म्हटलं, मी कळवतो.

आठवड्यानं तू बोचकं बांधून गावी गेलास. मी मार्टिनला मारून टाकलं नाही. त्याचा मेल तसाच राहिला, आणि महिन्या दोन महिन्यांनी तो उघडून बघायची खोड जडली. ह्या जानेवारीत त्यात तुझं पत्र दिसलं. तू स्वतः लिहिलेलं इंग्रजी, चुकत, पण कुणाच्या मदतीशिवाय. तुम्ही शिकवलेलं मी मुलांना शिकवतो, असं तू लिहिलं होतंस. कागद भिंतीवर लावला आहे. पोरं आता पाणी निळंच रंगवतात. एक मुलगी ऐकत नाही, ती पाणी तपकिरी काढते, तिला रोज समजावतो.

कागदाचं मला कुणी सांगितलं, त्याचं हे उत्तर. त्या मुलीसाठी मी पहिलं पत्र लिहिलं, असं मला म्हणायचं आहे. पण तेव्हाही खरं बोललो नाही, मार्टिनच्या माथी मारून सुटायला बघत होतो. त्याच्याच आडून पुन्हा.

सोबत तुझं पहिलं जहाज आहे. चांगल्या कागदावर छापलं आहे. दुकानातल्या मशीनला मी रंगात काहीही सुधारू दिलं नाही.

माफ कर, असं लिहायचं धाडस होत नाही.

किशोर


नाशिक, २७ एप्रिल २००८

केरू,

उत्तर नाही. यायला हवं असंही नाही. एक गोष्ट लपवायची नाही म्हणून लिहितो.

परवा मी पेठला आलो होतो. सकाळची एसटी धरली. स्टँडवर उतरून आश्रमशाळेकडे जाणारी जीप विचारत होतो, तर भिमाजी नावाचे एक म्हातारबाबा भेटले. त्यांचा नातू तुझ्याकडे शिकतो. म्हणाले, “केरू सरांकडं का? चला, मी तिकडंच चाललोय. लय जीव लावतात पोरांला. पण महिना झाला, सर कुणाशी नीट बोलत नाय. नाशिकाहून कायतरी टपाल आलं म्हणत्यात, तवापासनं. कुणाचं वाईट झालं असल.”

जीप भरली. ते मला जागा धरून बसले होते. मी म्हटलं, पैशाचं पाकीट विसरलो, पुढच्या गाडीनं येतो. मग स्टँडवर दोन चहा प्यालो आणि आलेल्या एसटीनं परत फिरलो. पाकीट खिशातच होतं.

घरी आल्यावर तृप्तीला सगळं सांगितलं. देवळीतलं तुझं पत्र तिनं केव्हाच वाचलं होतं. तेवढ्यावरून तिला अर्धं कळलं होतं, अर्धं मी सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं नुसतं विचारलं, “तुम्ही माफी मागायला गेला होता, का माफी आणायला?”

मी विचार करतोय. बहुतेक आणायला गेलो होतो. ती मिळणार नाही असं दिसलं म्हणून परत आलो.

आता मी येणार नाही. तू बोलावलंस तर चालत येईन.

किशोर


नाशिक, २ जून २००८

केरू,

काल मार्टिनच्या मेलवर तुझं पत्र आलं. मला नाही, मार्टिनला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. इथं उतरवून ठेवतो, म्हणजे मी काही बदललं नाही हे तुला दिसेल.

“मार्टिन साहेब, नमस्कार. जुनी फाइल गेलेली, म्हणून जहाज पहिल्यापासून पुन्हा बांधलं. शाळेचं मशीन, तीन दिवस रेंडर चाललं, पोरांनी पाळीपाळीनं राखण केली. चित्र सोबत पाठवतो. भिंतीवरचा कागद काढला नाय, वरचं नाव बदललं. चित्र तपासून सांगा. ह्या वेळी मराठीत सांगा. केरू गावित.”

वरचं नाव बदलून काय लिहिलंस, ते विचारायची माझी छाती नाही.

मार्टिनकडे सांगण्यासारखं कधीच काही नव्हतं. मी सांगतो. काल संध्याकाळी दुकान बंद केलं, पंखा बंद केला आणि तुझं चित्र उघडलं. पंखा बंद करायची आता गरज नसते. तरी केला.

पाण्याला हात लावू नकोस. मे महिन्यातलं पाणी आहे ते, मी बघितलेलं आहे, आणि ह्या वेळी खरंच बघितलेलं आहे. गाळ मागच्यापेक्षा चांगला झाला आहे. मागच्या चित्रात तो सगळीकडे सारखा होता, आता एका बाजूनं साचलाय, पाणी जिकडून येतं त्या बाजूनं. हे तुला कुणी सांगितलं नसणार.

एक चूक आहे. नांगराची साखळी. बाकी सगळं इतकी वर्षं पाण्यात आहे आणि ती काल विकत आणल्यासारखी दिसते. गंज वाढव, आणि दोनतीन कड्या गाळात पुरून टाक. हे मी मुद्दाम शोधून काढलेलं नाही. तू तपासून सांगा म्हणालास, म्हणून जे दिसलं ते सांगितलं. तुला शंका आली तर त्या तपकिरी पाणी काढणाऱ्या मुलीला दाखव, आणि ती म्हणेल ते कर.

उंबऱ्यावरचं कुंकू परत आलेलं बघितलं. तृप्ती मागं उभी होती. ती म्हणाली, पाण्याखाली कुंकू कसं राहील? मी तिला सांगितलं, राहत नाही, दरवर्षी लावावं लागतं. ती खुर्ची ओढून बसली. पाच मिनिटं नाही केरू, आम्ही तासभर बसलो होतो.

मी तुझं चित्र बिघडवलं, तुझी जागा घेतली आणि ती जागासुद्धा मला टिकवता आली नाही. ह्याची मला लाज वाटते, आणि ती जाईल असं वाटत नाही. जाऊ नये.

सातवा मुद्दा तेवढा राहिला. दारं नाहीत. बरोबर आहे.

किशोर